सातातला एक

मागच्या महिन्यात मनू, माझी भाची, रविवारी जेवायला आली ती बॅगेत फॉर्मांचा गठ्ठा घेऊनच. सायकॉलॉजीत एमए करतेय, शेवटचं सेमिस्टर, डिसर्टेशनसाठी फॉर्म भरून घेत फिरतेय आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे मैत्रिणी संपल्या, आता "वयस्कर सॅम्पल" कमी पडतंय. वयस्कर सॅम्पल म्हणजे आमची आई, वय ७६, जी तेव्हा ओट्यापाशी उभी राहून कोथिंबीर निवडत होती. फॉर्म साधाच, आपण आपल्या आयुष्यावर किती समाधानी आहोत ते मोजणारा, एक पान, पाच वाक्यं, प्रत्येकापुढे १ ते ७ आकडे. अजिबात पटत नसेल तर १, पूर्ण पटत असेल तर ७. आईनं पदराला हात पुसले, चष्मा लावला, कॅलेंडरच्या खिळ्याला दोरीनं बांधलेलं पेन ओढलं आणि दोन-तीन मिनिटांत कागद परत दिला. त्यावर कोथिंबिरीचं एक ओलं पान चिकटलेलं, आणि आकडे होते ६, ६, ६, ६, ६.

मनूचा चेहरा पडला. "आजी, असं सगळीकडे सेम नाही चालत गं, न वाचता भरल्यासारखं वाटतं, आमच्या मॅडम असे फॉर्म बाद करतात." आई म्हणाली, वाचूनच भरलाय. "मग एखादा तरी ७ दे ना!" तर म्हणे, "७ कशाला? एक असू दे शिल्लक." आणि परत कोथिंबिरीकडे.

एक असू दे शिल्लक.

तेव्हा आम्ही दोघी हसलो. पण मग आठवडाभर ते वाक्य दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं झालं होतं, जीभ सारखी तिथंच. कारण फॉर्म मीही भरला होता, आणि माझी बेरीज आली होती १९. या परीक्षेत ३५ पैकी मार्क असतात, २० म्हणजे धड इकडे ना तिकडे, २६ ते ३० म्हणजे समाधानी, ३१ पासून वर म्हणजे अत्यंत समाधानी आणि १५ ते १९ म्हणजे "किंचित असमाधानी". शाळेतही मी अशीच एका मार्कानं गटांगळी खायचे. आणि आई ३०. म्हणजे "समाधानी"च्या शेवटच्या पायरीवर, आणि तीही स्वतःहून प्रत्येक वाक्यामागे एक मार्क सोडून देऊन. दोन खोल्यांच्या चाळीत सासू, दीर, नणंदा आणि आम्ही दोघं असा संसार ओढलेली बाई ३०, आणि स्वतःचा फ्लॅट, स्वतःचा पगार, आठवड्यातून दोन दिवस वर्क फ्रॉम होम असलेली मी १९. लाज वाटली असं नाही म्हणणार, पण काहीतरी वाटलं.

फॉर्म नुसता मनूच्या कॉलेजचा नाही, जगभर वापरतात. एड डीनर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये छापला, ४८ वाक्यं लिहून गाळत गाळत पाचावर आणली, आणि वापरायला सगळ्यांना फुकट. या डीनरची एक गोष्ट मला फार आवडते. बाप कॅलिफोर्नियातला शेतकरी, त्यामुळे शेतावर राबणारी माणसं यानं लहानपणापासून पाहिलेली, आणि त्याला ती बरीचशी खुशीत दिसायची. फ्रेस्नोला कॉलेजात असताना तो सरांकडे गेला, म्हणाला, मला शेतमजुरांच्या आनंदावर प्रोजेक्ट करायचाय. सर म्हणाले, नाही करायचा, एक तर शेतमजूर आनंदी नसतात आणि दुसरं म्हणजे आनंद मोजता येत नाही. आता मोजता येत नाही तर नसतात हे कुणी मोजलं, पण सरांना असं विचारायची पद्धत तिकडेही नसावी. पोरानं मुकाट दुसरा विषय घेतला आणि पुढं १९८१ मध्ये नोकरी पक्की झाल्यावरच, म्हणजे आता आपल्याला कुणी काढू शकत नाही याची खात्री झाल्यावरच, तो आनंदाकडे वळला. हे वाचल्यावर मला तो माणूस एकदम आपल्यातला वाटला. पर्मनंट झाल्याशिवाय मनासारखं काही करायचं नाही, हे आमच्या घरातही चालतं.

पाच वाक्यांचा मराठी अनुवाद मात्र सरकारी परिपत्रकासारखा. "बहुतांश बाबतीत माझे जीवन माझ्या आदर्शाच्या जवळ आहे." हे पहिलं. हे आमच्या पोळ्यांच्या मावशींना वाचून दाखवलं (मनूनं त्यांनाही सोडलं नाही) तर त्या लाटणं न थांबवता म्हणाल्या, "आदर्श म्हणजे ती शाळा का?" मनूनं समजावलं, म्हणजे तुम्हाला जसं हवं होतं तसं झालंय का आयुष्य, एक ते सात मार्क द्या. मावशी विचारात पडल्या. तव्यावरची पोळी फुगली, उलटली, परत फुगली. मग म्हणाल्या, "पोरगी नर्सिंगला लागली त्याचे ७ लिहा. खोलीचं भाडं वाढवलं त्याचे २ लिहा. नवऱ्याचं राहू द्या. पण सगळं मिळून कसं सांगू ताई, भाजी आणि चपला एका पिशवीत कोण घालतं?"

मनू हताश. मला मात्र मावशींचं म्हणणं शंभर टक्के पटलं, आणि गंमत म्हणजे हे आधी संशोधनात येऊनही गेलंय. डीनरचा मुलगा रॉबर्ट कोलकात्यात जाऊन राहिला, झोपडपट्टीतली माणसं, फूटपाथवर झोपणारी माणसं, धंदा करणाऱ्या बायका अशा ८३ जणांशी बोलला, आणि २००१ मध्ये बापलेकांनी मिळून ते छापलं. एकूण आयुष्याबद्दल विचारलं तर उत्तरं मधल्या रेषेच्या किंचित खाली. पण कुटुंब, मित्र, स्वतःचं वागणं असं सुटं सुटं विचारलं तर बहुतेक उत्तरं वर. म्हणजे भाजी वेगळी, चपला वेगळ्या. कोलकात्यातल्या मध्यमवर्गीयांपेक्षा ही माणसं कमीच समाधानी होती, ते झाकायचं कारण नाही, "गरीब असून किती आनंदी" हा जो प्रकार व्हॉट्सअ‍ॅपवर सूर्योदयाच्या फोटोसकट फिरतो त्याची मला चीड आहे. मावशींच्या भाड्याचे २ मार्क कुणाच्या सुविचारानं ३ होत नाहीत.

आता माझ्या १९ चं. मी आधी सबबी शोधल्या. त्या रविवारी सकाळीच वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती आमच्या छतातून उतरली होती, सेक्रेटरींशी फोनवर वाजलं होतं, पुसणी-बादल्या करून कंबर धरली होती, अशात आयुष्य उत्कृष्ट आहे का विचारलं तर कोण हो म्हणेल. मनूला म्हटलं, मूड वाईट होता गं. तर तिनं मला नॉर्बर्ट श्वार्त्झ नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग सांगितला, की झेरॉक्स मशीनवर मुद्दाम एक नाणं ठेवायचं, ज्यांना ते सापडेल त्यांना जरा वेळानं आयुष्याबद्दल विचारायचं, आणि ज्यांना नाणं सापडलं त्यांनी अख्ख्या आयुष्यालाच जास्त मार्क दिले. एका नाण्यानं! मी म्हटलं बघ, सांगत होते ना. त्याच माणसानं १९८३ मध्ये आणखी एकाबरोबर पावसाळी दिवस आणि उन्हाचे दिवस असं फोन करून विचारल्याचंही छापलंय, पावसात लोक आयुष्यावर नाराज. मी खुश. पण भाचीच ती, आमच्याच रक्ताची, पुढचंही सांगितलंनच, की २०१३ मध्ये दुसऱ्याच दोघांनी अमेरिकेतल्या दहा लाखांवर लोकांची उत्तरं त्या त्या दिवसाच्या हवामानाशी ताडून पाहिली आणि फरक जवळजवळ सापडलाच नाही. "म्हणजे आत्या, गळतीनं एखादा मार्क गेला असेल. बाकीचे तुझेच."

बाकीचे माझेच. ठीक आहे.

खरं तर या विषयाशी माझी जुनी दुष्मनी आहे. तीन-चार वर्षांपूर्वी ऑफिसनं आम्हाला एका हॉटेलच्या गारठलेल्या हॉलमध्ये दिवसभर "हॅपिनेस वर्कशॉप"ला बसवलं होतं. ट्रेनर उत्साही, कॉलरला माईक, बोलताना सारखा पुढं-मागं चालणारा. त्यानं स्लाइडवर लिहिलं की दर एका वाईट भावनेमागे तीन चांगल्या भावना पाहिजेत, हे गणितानं सिद्ध झालंय, नेमका आकडा २.९०१३. त्या चार दशांश स्थळांनी मी भारावले होते, वहीत लिहून घेतला. नंतर कळलं की तो आकडा २००५ च्या एका निबंधातला, आणि २०१३ मध्ये त्याचं पार पितळ उघडं पडलं होतं. आणि ते पाडलं कुणी, तर निक ब्राऊन नावाच्या पन्नाशीतल्या आयटीवाल्यानं, जो लंडनमध्ये याच विषयाचा पार्टटाइम कोर्स करायला बसला होता, ज्याला वर्गात ते समीकरण बघून वाटलं की हे काहीतरी गडबड आहे. मग त्यानं दोन जाणकार सोबत घेतले आणि दाखवून दिलं की पाण्याच्या प्रवाहांसाठीचं गणित माणसांच्या बोलण्याला जबरदस्तीनं नेसवलंय. म्हणजे आमच्या हॉलमधल्या चहा-बिस्किटांच्याही आधी तो आकडा मेला होता, फक्त ट्रेनरपर्यंत बातमी आली नव्हती. मला त्या ब्राऊनचा हेवा वाटतो. वर्गात मागच्या बाकावर बसून "सर, हे बरोबर नाही" म्हणता येणं, ते मला सातपैकी ७ चं सुख वाटतं.

त्याच वर्कशॉपमधून मी एक डायरी घरी आणली होती. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. पहिल्या आठवड्यात मी काय काय लिहिलं, लोकलमध्ये खिडकी मिळाली, समोरच्या बाळानं माझं बोट धरलं, पहिल्या पावसात पार्किंगमध्ये पेट्रोल आणि माती असा मिक्स वास आला. दुसऱ्या आठवड्यात "चहा चांगला झाला". तिसऱ्या आठवड्यात "चहा चांगला झाला" तीनदा, आणि झोपायच्या आधी ते लिहायचंय या आठवणीनं कपाळावर आठी. कॅलिफोर्नियातल्या सोनिया ल्युबोमिर्स्की यांनी हे तपासूनही पाहिलंय, सहा आठवडे काही लोकांना अशी यादी आठवड्यातून एकदा करायला लावली आणि काहींना तीनदा, तर एकदावाल्यांना बरं वाटलं, तीनदावाल्यांना काही फरक नाही. आपल्याकडे याला उपासाचं गणित म्हणता येईल, एक संकष्टी छान वाटते, रोज संकष्टी असेल तर साबुदाणा नको होतो. ती डायरी पुढं वाण्याच्या हिशोबाला लागली.

पण आईच्या ६ चं काय. मी तिला शिकलेल्या माणसाच्या आगाऊपणानं तपासायला घेतलं. पाचवं वाक्य असं आहे की आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर मी जवळजवळ काहीच बदलणार नाही. आता आईनं पन्नासेक वटपौर्णिमा केल्यात. वडाला सूत गुंडाळत जन्मोजन्मी हाच नवरा मिळू दे म्हणणं म्हणजे दुसरं काय, या पाचव्या वाक्यावर दरवर्षी जून महिन्यात जाहीर सही, आणि तीही एका नाही, सात जन्मांसाठी. देवाला आणि शेजारणींना साक्षी ठेवून जी बाई ७ देते ती मनूच्या कागदावर ६ का देते? बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, म्हणून? का चाळीतल्या त्या नळाच्या रांगा आठवल्या? की मॅट्रिकनंतर टायपिंगची परीक्षा पास होऊनही नोकरी केली नाही ते? मी दोन-तीनदा आडून विचारलं. ती म्हणाली, "तुला काही काम नाही का?"

मग एकदा रात्री भांडी लावताना मला आमच्या जुन्या घरातली एक संध्याकाळ आठवली. लाइट गेलेले, मेणबत्तीच्या उजेडात पत्ते चाललेले, आणि बाबा आमच्या एका काकांची नक्कल करत होते, ते काका शिंकायच्या आधी कसे छताकडे बघत थांबतात आणि मग शिंक येतच नाही. दादा चटईवर लोळत होता, मी हसून हसून पोट धरलेलं, आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती, आणि मग तीच एकदम थांबून म्हणाली, "पुरे आता. जास्त हसलं की रडावं लागतं." हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. दादाला नोकरी लागली त्या दिवशी पेढ्यांच्या आधी मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या त्याच्यावरून उतरवून शेगडीत टाकल्या होत्या, आणि ठसका लागला नाही, वासच येत नाहीये, म्हणजे बघा केवढी दृष्ट लागलीय म्हणून आई समाधानानं मान हलवत होती. त्या पत्त्यांच्या संध्याकाळी मी रात्रभर धास्तीत होते की उद्या काहीतरी होणार. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, घरी आले, आमटी-भात खाल्ला. काहीच झालं नाही. अशा काहीच न झालेल्या दुसऱ्या दिवसांची नोंद कुणी ठेवत नाही.

मनूला हे सांगितलं तर ती उसळून म्हणाली, आत्या यावर स्केल आहे! मोहसेन जोशनलू म्हणून एक संशोधक आहेत, त्यांनी आनंदाच्या भीतीची प्रश्नावलीच केलीय, फार आनंद झाला की मागून वाईट घडतं असं तुम्हाला वाटतं का, या धर्तीची, आणि १४ देशांतल्या लोकांवर वापरूनही पाहिलीय. मी मोबाइलवर वाचत बसले आणि अंगावर काटा आला, आईचंच बोलणं कुणीतरी टेबलात मांडलेलं. आणि चांगलं वाटायला लागलं की त्यावर आपणच पाणी ओतायचं, या सवयीलाही तिकडे डॅम्पनिंग असं नाव आहे, ज्यांना ती सवय जास्त त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त सापडतात म्हणे. या हिशोबानं आमची आई नैराश्यात पाहिजे. पण ती तर दुपारी रेडिओ लावून लसूण सोलते आणि गाण्याच्या आधी दोन सेकंद चुकीचे शब्द म्हणते. पाणी ओतणारी मी आहे, खरं तर. फरक हा की आई आनंद झाल्यावर मीठ-मोहरी उतरवून मोकळी होते, आणि मी आनंद व्हायच्या आधीच त्याचा ईएमआय मोजते.

आपली भाषाही बघा ना. कसं चाललंय विचारलं तर वरची मर्यादा "बरं चाललंय". "मजेत" हे फोनवर, तेही लांबच्या माणसाला. आणि "सगळा आनंदीआनंद आहे" असं कुणी म्हणालं तर समजायचं की घरात काहीतरी बोंबललंय. जागतिक आनंदाच्या अहवालात २०२५ मध्ये आपला देश १४७ देशांत ११८ वा आला, आणि पेपरात अग्रलेख आले. त्यात लोकांना शिडी डोळ्यासमोर आणायला सांगतात, ० ते १० पायऱ्या, तुम्ही कुठल्या पायरीवर. गरिबी, आजारपण, एकटेपण हे सगळं त्या आकड्यात असणारच, मी नाकारत नाही. पण माझ्या आईला शिडी दाखवलीत तर दहाव्या पायरीवर ती कधीच चढणार नाही. वरच्या पायरीवरून माणूस सगळ्यांना दिसतो.

परवा तांदूळ आले, दहा किलो कोलम. आई स्टीलचा मोठा डबा घेऊन खाली बसली, मी पिशवी कापली. डबा रिकामा आहे असं समजून मी तो पालथा करून झटकायला गेले तर ती ओरडली, "अगं थांब!" तळाशी मूठभर तांदूळ होते, बोरिक पावडरीनं पांढुरके झालेले. डबा कधी पूर्ण रिकामा करायचा नाही, जुन्यावर नवे ओतायचे, हे मला माहीत नाही असं नाही, आमच्याकडे तांदूळ संपत नाहीत, "वाढतात", आणि घरातून निघताना कुणी जात नाही, "येते" म्हणतात. पण तो डबा तसा तिरका धरलेला असताना मी थांबले.

"हे ते शिल्लक का गं? मनूच्या फॉर्मवरचं?"

आई माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे ही एवढी शिकलेली आणि हिला आत्ता कळतंय, असं. मग म्हणाली, "७ दिल्यावर पुढं काय घालणार?" आणि पिशवीचं तोंड डब्यात वाकवलं. तांदूळ पडताना आधी टणटण आवाज येतो, मग हळूहळू मऊ होत जातो. ते ऐकत बसले थोडा वेळ.

तेवढ्यात मनूचाच फोन. मॅडमनी आजीचा फॉर्म खरंच बाद केला होता आणि सॅम्पलमध्ये एक कमी पडत होता, आजीला म्हणावं परत भर, नीट विचार करून, निदान एक तरी ७ कर प्लीज. (मॅडमनी हे वाचू नये.) मी स्पीकरवर टाकलं. आई म्हणाली, "७ नाही करणार. पोरीचं अडत असेल तर एक ५ करते." कुठला? तिनं नवा कागद मागितला, पाचही वाक्यं परत ओठ हलवत वाचली, तांदळाच्या पिठूळ बोटानं दुसऱ्या वाक्यावर थांबली, परिस्थिती उत्कृष्ट आहे त्या, आणि म्हणाली, "हा कर. पाण्याचा त्रास आहेच आपल्या बिल्डिंगमध्ये." २९ झाले. मी फोटो काढून पाठवला.

"तुझे किती आले होते?" तिनं विचारलं.

"पंचवीस," मी म्हटलं.

"बरे आहेत की," ती म्हणाली, आणि झाकण घट्ट बसावं म्हणून दोन्ही हातांनी डब्यावर जोर दिला.